दारूबंदीच्या जिल्ह्यातला बेवडा

वर्ध्याचं नाव निघालं की बाहेरचा माणूस आपोआप सावरून बसतो. सेवाग्राम, पवनार, चरखा, प्रार्थना, राष्ट्रभाषा प्रचार समिती. पाहुण्याला दाखवण्यासारखं आमच्याकडे जे आहे, ते बहुतेक चपला बाहेर काढून आणि आवाज खाली ठेवून बघायचं. अशा जिल्ह्यानं टीव्हीला काय दिलं, तर एक बेवडा. 2005 साली स्टार वन वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं. त्याचं पहिलं पर्व जिंकणारा सुनील पाल जन्मानं हिंगणघाटचा, आणि त्याचं रतन नूरा नावाचं पात्र कायम तर्र. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे ती सत्तरच्या दशकापासून. कायद्यानं जिथे एक थेंब मिळू नये, तिथे जन्मलेल्यानं दारुड्याची इतकी हुबेहूब नक्कल कुठे बघून केली, हा प्रश्न देशात कुणालाही पडला असेल. आम्हाला पडला नाही.

ही झाली मधली गोष्ट. त्याआधी कितीतरी वर्षं टीव्हीवरचं हसू आमच्याकडे परगावाहून यायचं, तेही पाहुण्यांच्या सामानाबरोबर. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तिथे विनायक चासकर ‘गजरा’ नावाचा छोट्या छोट्या प्रहसनांचा कार्यक्रम करायचे, याकूब सईद आणि बबन प्रभू ‘हास परिहास’ करायचे, हे आम्हाला ठाऊक होतं; पण पाहिलेलं नव्हतं. मुंबई-पुण्याची आमच्या वयाची माणसं ‘गजरा’च्या आठवणीनं डोळे मिटतात तेव्हा मी गप्प बसतो. आमच्या वाट्याला आला तो ‘गजरा’ माझ्या दादरच्या मावसबहिणीनं केलेला.

मे महिन्यात ती यायची. वर्ध्याचा मे म्हणजे रात्री अकरालाही भिंत तापलेली. अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकायच्या आणि सगळी पोरंटोरं आडवी झाली की ही उभी राहायची. आधी निवेदिका, मग नवरा, मग बायको, मग दारावर आलेला विमा एजंट. सगळी पात्रं हीच. मुंबईच्या टीव्हीवरचा चिमणराव करताना आजोबांची टोपी घ्यायची आणि गुंड्याभाऊ आला की उशी पोटाशी धरायची. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना मी खरोखरच पडद्यावर पाहिलं तेव्हा माझी थोडी निराशाच झाली, कारण माझ्या डोक्यातला चिमणराव परकर नेसलेला होता. तिला आठवेना ते ती जागच्या जागी जुळवून द्यायची, आणि आमचे एक काका बाजेवरून ओरडायचे, “हे मुंबईचं नाही वाटत बाई, हे तूच घुसवलं.” टीव्हीची नक्कल आधी आणि टीव्ही नंतर, असा आमचा उलटा क्रम.

पुढे 1982 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, छपरांवरच्या अँटेनांनी नागपूरकडे तोंड केलं आणि आम्ही रांगेत आलो. 1984 च्या ‘ये जो है जिंदगी’नं आमची घरं शुक्रवारी रात्री बंद केली. लिहायचे शरद जोशी, आणि सतीश शाह दर भागात नवा माणूस बनून यायचा. कधी बंगाली, कधी पंजाबी, कधी कुणाचा साहेब. ‘आज कोण होऊन येतो’ यावर आमच्या गल्लीत चार-चार आण्यांची पैज लागायची.

त्या काळाबद्दल बोलताना लोक म्हणतात, तेव्हाचा विनोद स्वच्छ होता. मला ते तितकंसं पटत नाही. तेव्हाही रटाळ विनोद भरपूर होता आणि आम्ही तो तोंड उघडं ठेवून बघत होतो, कारण दुसरं काही लागत नव्हतं. पण त्या ‘दुसरं काही लागत नव्हतं’मध्येच खरी मेख होती. दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्यानं बातम्या देणाऱ्या बाईंसारखी मान हलवली की साठच्या साठ पोरांना कळायचं. ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी सगळ्या देशानं एकाच वेळी पाहिलेली असायची. मास्तर फळ्याशी अडखळले की मागच्या बाकावरून कुणीतरी ते शब्द हळूच म्हणायचा आणि मास्तरही हसायचे. कशाची नक्कल चालली आहे, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. विडंबनाचं भांडवल अस्सल मालात असतं आणि तो माल तेव्हा घरोघर फुकट पोचत होता.

त्यातला कळस म्हणजे 1989 चा ‘फ्लॉप शो’. जसपाल भट्टी शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर, चंदीगडकडचा, तोंडावर रेषही न हलवता बोलणारा. भाग फक्त दहा झाले, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही, कारण आमच्या आठवणीत तो वर्षानुवर्षं चाललेला आहे. टेलिफोन खातं, डॉक्टर, कंत्राटदार, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरकामाला लावणारा गाईड, खोटी मेडिकल बिलं. शेवटी एखाद्या सिनेमाच्या चालीवरचं विडंबनगीत, आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शनाच्या जागी ‘मिसडायरेक्टेड बाय’. प्रत्येक भाग ज्यांची चामडी सोलली त्यांनाच अर्पण! माझे वडील सरकारी नोकरीत होते. कंत्राटदाराचा भाग लागला तेव्हा ते पहिली पाच मिनिटं मोकळेपणानं हसले, मग एकदम उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. आई म्हणाली, “कावून, गिलास सापडून नाही राहिला का?”

नक्कल काही आम्हाला टीव्हीनं शिकवलेली नाही. आमच्याकडे खडी गंमत होती, दंडार होती. त्यातला सोंगाड्या पाटलापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना धुऊन काढायचा. आणि पोळ्याच्या झडत्या तर अजूनही आहेत. तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातला एखादा खणखणीत गळ्याचा माणूस महादेवाचं नाव घेऊन सुरुवात करतो आणि दुसऱ्या कडव्यापासून कापसाचा भाव, बँक, आमदार, सोसायटीचा सचिव असं करत जमिनीवर येतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आमच्या जिल्ह्यात नावाजलेला. लहान पोरांचे म्हणावेत असे लाकडी नंदी काही ठिकाणी मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर जातात. तिथेही पोरं तोडक्यामोडक्या झडत्या म्हणतात. झडतीचा दस्तूर असा की जिच्यावर ती पडते ती असामी समोरच, मानाचा फेटा बांधून उभी असते. हसावंच लागतं. चेहरा पाडला तर पुढच्या वर्षी दोन झडत्या जास्त.

म्हणून 2005 साली हिंगणघाटचं नाव टीव्हीवर आलं तेव्हा आम्हाला आनंद झाला, आश्चर्य कमी. त्या पर्वात राजू श्रीवास्तव होता, नागपूरच्या वरच्या सिवनीचा एहसान कुरेशी होता, परीक्षक शेखर सुमन आणि सिद्धू. (याच कार्यक्रमात एके काळी उतरलेला भगवंत मान पुढे पंजाबचा मुख्यमंत्री झाला. विनोदाला कमी लेखू नये.) सुनील पालचे वडील रेल्वेत होते. 1995 मध्ये घर मुंबईला गेलं आणि तिथे सांताक्रूझला त्यानं चहाच्या दुकानात काम करून दिवस काढले, हे सगळं त्या दिवसांत पेपरांत छापून आलं. वर्धा-बल्लारशा लाइनवर मात्र वेगळंच भांडण पेटलं होतं. पॅसेंजरमध्ये हिंगणघाटचा कुणी छाती काढून म्हणायचा, “आमच्या गावचा आहे बापा तो.” समोरच्या बाकावरून उत्तर तयार: “जन्मला असन तुमच्याकडे. शाळा तं बल्लारशालेच शिकला ना गा!” मग मधल्या एखाद्या स्टेशनावर चढलेला तिसराच दोघांनाही सांगायचा की खरी कला रेल्वेची आहे, डब्यात बसल्या बसल्या माणूस शिकतो.

ते अगदीच खोटं नव्हतं. त्या लाइनवर कापसाचे व्यापारी, गिरणीतले कामगार, खाणीतले, वेस्टर्न कोलफील्ड्सचे साहेब, तेलुगू बोलणारे, छत्तीसगडी बोलणारे, सगळे एकाच डब्यात असतात. तिथलं हिंदी मराठीच्या अंगाखांद्यावरून वाहतं. रतन नूरा हिंदीतच बरळायचा, पण त्याचं थांबणं, वाक्य अर्ध्यात सोडून दुसरंच उचलणं, एकदम तत्त्वज्ञानात शिरणं, हे आम्ही बंदी असलेल्या गावांत रोज संध्याकाळी पानठेल्याजवळ ऐकत आलो होतो. बंदीमुळे आमचा बेवडा दुहेरी कसरत करतो. प्यायलेला असतो आणि प्यायलो नाही असं दाखवायचंही असतं. नटाला यापेक्षा चांगली तालीम कुठे मिळणार?

आपली बोली म्हणून जी काही आहे ती दर आठवड्याला टीव्हीवर ऐकायला मिळाली ती आणखी नऊ वर्षांनी. ‘चला हवा येऊ द्या’ ऑगस्ट 2014 मध्ये झी मराठीवर सुरू झालं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, आणि त्यातल्या थुकरटवाडीचे सरपंच म्हणून अमरावतीकडचे भारत गणेशपुरे. सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला आई भाकरीचा तवा उतरवून समोर येऊन बसायची. “हा आपल्याकडचा,” ती पाहुण्यांना सांगायची. तसं पाहिलं तर वऱ्हाड वर्धा नदीच्या पलीकडे. आम्ही अलीकडच्या काठाचे, आमच्या बोलण्यात नागपूरचं पाणी पुष्कळ. पण टीव्हीवर इतकी वर्षं ‘मले’ आणि ‘तुले’ ऐकलंच नव्हतं, तेव्हा नदीचं कुणी मनावर घेतलं नाही.

हळूहळू मला एक फरक जाणवायला लागला. पुण्याचे स्नेही त्या सरपंचाला हसत ते तो ‘काहून बे’ म्हणाला की. आम्ही हसायचो ते त्यापुढच्या वाक्याला. त्यांच्या लेखी बोली हाच विनोद होता. आमच्या घरी ती नुसती बोली होती, विनोद तिच्या आत कुठेतरी असायचा आणि कधी कधी नसायचाही. नसला की मात्र आमच्याकडे शांतता आणि त्यांच्याकडे हशा.

दुसरं म्हणजे सोफा. नव्या सिनेमाची मंडळी सोफ्यावर बसलेली, समोर त्यांच्याच सिनेमाचं विडंबन चाललेलं, आणि कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला त्यांचे हसरे चेहरे दाखवायचा. वरवर हे पोळ्याच्या तोरणाखालचंच दृश्य. पण सोफ्यावरची असामी शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाच्या जाहिरातीला आलेली असायची, आणि ज्याची जाहिरात करायची त्याला दुखेल असं कोण बोलणार? भट्टीनं ज्यांना सोललं त्यांना चहा पाजला नव्हता. साडी नेसलेला पुरुष हा विनोदही माझ्या मते पहिल्या पन्नास भागांत संपला होता. तो पुढे दशकभर पुरवला. तरी कबूल करायला हवं की काही रात्री ती मंडळी अफाट होती. 2018 मध्ये सोनी मराठीवर सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली, तिच्यातलं लिखाण तर मला ‘गजरा’ची उणीव भरून काढणारं वाटतं. समीर चौघुलेंचा एखादा गोंधळलेला मध्यमवर्गीय बघताना मावसबहिणीचा फोन हटकून येतो: “बघतोयस ना?”

ती माझ्या वयाची म्हणून बघते. घरातली पोरं वेगळं बघतात, आणि प्रत्येक जण निरनिराळं. पुतण्या परवा फोन नाकाशी धरून म्हणाला, “काका, हे पाहा, भयानक आहे.” तीस सेकंदांची रील. एक मुलगा ओढणी घेऊन कुणाची तरी नक्कल करत होता. कुणाची? एका वेब सीरिजमधल्या बाईची. ती मी पाहिली नव्हती. त्याच्या बहिणीनंही नव्हती, ती कोरियन बघते. त्यानं आधी मूळ दाखवलं, मग नक्कल दाखवली, मग दोन्हींतला दुवा समजावून सांगितला. मी हसलो, पण अभ्यास झाल्यावर हसतात तसं. बिचाऱ्या रीलचा काही दोष नव्हता, मुलगा हुशारच होता. आम्ही साठ जण एका पाटीला हसत होतो, त्याला त्याचे साठ जण देशभरातून गोळा करावे लागतात.

मग गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी घरची सगळी जमलेली असताना याच पुतण्यानं एक केलं. जेवणं झाली होती, पुरणपोळीनं सगळे सुस्त. यानं कानाला हात लावला, नंबर फिरवल्यासारखं केलं आणि पलीकडून सायबर फसवणुकीचा तो सरकारी इशारा सुरू झाला, फोन लागण्याआधी अमिताभ बच्चनच्या आवाजात सगळ्या देशाला ऐकावा लागायचा तो. पण यानं तो आमच्या शेजारच्या एका काकूंच्या बोलीत लावला. “अनोळखी माणसाले ओटीपी सांगू नका बापा, नाहीतं पैसे गेल्यावर माह्या दारात येऊन रडसान.” अर्ध्यात फोन कट, पुन्हा लावला, पुन्हा काकू पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी काकू वैतागून म्हणाल्या, “कितीदा सांगू वं, लक्ष कुठं रायते तुह्यं?”

घर कोसळलं. कोरियनवाली हसली, मी हसलो, दारात उभा असलेला दूधवाला हसला, आणि सगळ्यांत आधी हसली ती माझी आई, जिच्या फोनला बटणं आहेत आणि जिनं आयुष्यात एक रील पाहिलेली नाही. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, “आता घंटागाडीचं कर.”

त्यानं केलं. दुसऱ्या कडव्याला दूधवाल्यानंही सूर धरला.