बोटभर जागा

आजोबांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली विलीज जीप आमच्या घरात तीन पिढ्या आहे. तिचं मूळ गो-डेव्हिल इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं, तेव्हा त्या जागी हरिकेन बसवायचं ठरवलं. आरटीओची परवानगी काढली आणि गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे लावली.

काम सोपं वाटत होतं. दोन्ही इंजिनं विलीजचीच आणि सुमारे २,२०० सीसीची. फरक माथ्याशी. गो-डेव्हिलचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि इंजिन उंच झालं. त्यासाठीच १९५३ च्या सीजे-३बी जीपला उंच बॉनेट आलं. आमचा बॉनेटचा प्रश्न एअर क्लीनरची नळी चपटी करून सुटला. खरी अडचण डाव्या बाजूला होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिथेच, आणि गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह असल्याने स्टिअरिंगचा दांडा आणि बॉक्सही तिथेच.

जुने स्टड गंजून ब्लॉकशी एकजीव झाले होते. एक तुटलाच. मिस्त्रींनी त्याच्या थोटकावर नट वेल्ड केला, लाल असतानाच पान्याने हलवत हलवत बाहेर काढला. मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी धरली तर मधून उजेड दिसत होता, म्हणून फेसिंग करून आणलं. नवे नट पितळी घेतले, कारण ते उष्णतेने स्टडला चिकटत नाहीत. मागच्या नटापर्यंत पाना जाईना. अर्धा हात आत घालून, न बघता, एका वेळी थोडासाच फिरवत तो आवळला. आवळायचं मधून दोन्ही टोकांकडे. मी जोर लावला की मिस्त्री थांबवायचे. "दादा, बिडाला सरकाय जागा ठेवा. आवळून मारलं की फुटतंय." ओतीव लोखंडाचं दीड फुटाचं मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापलं, तर दोन-अडीच मिलिमीटर वाढतं. त्याची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात ती त्यासाठीच.

जुना पाइप नव्या फ्लँजला जुळेना. मी घाई केली आणि नवा वाक जागेवरच वेल्ड करून घेतला. पाइप आणि स्टिअरिंग बॉक्स यांच्यात बोट जात होतं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

मिस्त्रींनी काही न बोलता घरून कणकेचा गोळा मागवला, बॉक्सवर पाइपासमोर चिकटवला आणि म्हणाले, "पन्हाळा चढून या."

चढाला पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि पायाखाली खडखडाट सुरू झाला. परत येऊन बॉनेट उघडलं. कणकेत पाइपाचा ठसा पार बॉक्सपर्यंत उतरला होता. जोर लागला की इंजिन रबरी माउंटिंगवर कलतं. डावी बाजू वर उचलली जाते आणि खालचा पाइप चॅसीकडे झुकतो. मी मोजलेलं बोट थंड, उभ्या गाडीतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि रबरी नळी कानाला लावून मॅनिफोल्डभोवती फिरवली. मागच्या टोकाला फुसफुस ऐकू आली. पाइपाच्या धक्क्यांनी गॅस्केट गेलं होतं. इंजिन तापलं तसा आवाज मिटला. ही गळती फसवते ती अशी, कारण लोखंड फुगून फट बुजवतं. पण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि माझी मुलं त्या गाडीत बसणार होती.

पाइप कापला. या वेळी मिस्त्रींनी इंजिनखाली जॅक लावून ते डावीकडून उचललं, जिथवर ते कलू शकतं तिथवर, आणि त्या स्थितीत वाक ठरवला. नवं गॅस्केट, पुन्हा तोच आंधळा नट. पुन्हा कणीक, पुन्हा पन्हाळा.

बुरुजाखाली गाडी थांबवून मी बॉनेट उघडलं. कणीक वाळून तडकली होती, पण तिच्यावर मिस्त्रींच्या अंगठ्याखेरीज कसलाही ठसा नव्हता.