दूधआईचं गाव

पुण्याहून एस.टी.नं साताऱ्याकडे निघालं, की कापूरहोळचा फाटा लागतो. डावीकडचा रस्ता नारायणपूर-पुरंदरला जातो, उजवीकडचा भोरला. गड बघायला निघालेली मंडळी इथे चहा घेतात नि पुढे जातात. आपण मात्र जरा थांबू या. कारण हे धाराऊ गाडे यांचं गाव!

१४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाई आजारी पडल्या. बाळाला अंगावरचं दूध पुरेना. त्या काळी दुधाच्या पावडरीचा डबा कुठला? आईच्या दुधावाचून तान्ह्याचं जगणं अवघड! तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ धावून आल्या. त्यांनी बाळराजांना आपलं दूध पाजलं. त्यांची मुलं, अंतोजी आणि रायाजी, राजांचे दूधभाऊ झाले.

सईबाई मात्र ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. बाळ जेमतेम सव्वादोन वर्षांचं होतं. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्यानं गेलात, तर गडाच्या पायथ्याशी पाल गावाजवळ त्यांची समाधी आहे. तिथे क्षणभर उभे राहा.

त्याच काळात युरोपातही दूधआया असत. १६३८ साली जन्मलेला फ्रान्सचा चौदावा लुई तर दात घेऊनच जन्मला. बिचाऱ्या दूधआया! तिथले वैद्य म्हणत, दूध म्हणजे पांढरं झालेलं रक्तच. दुधातून पाजणारीचा स्वभावही बाळात उतरतो. बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, वाईट समजून बाळाला देत नसत. आपल्याकडेही कित्येक घरांत तो पिळून टाकत. खरं तर रोगांपासून वाचवणारी शक्ती त्या चिकातच भरपूर असते, बरं का!

आणखी एक गोष्ट. श्रीमंतांच्या घरी पाजायला गेलेल्या कित्येक बायकांचं स्वतःचं तान्हं मात्र दुसऱ्याच्या हाती राही, कधी दगावेही. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. धाराऊंचं नाव राहिलं, म्हणून ते जपायचं.

१९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आयांनी दिलेलं जास्तीचं दूध तिथे तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात आणि अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. म्हणजे आजच्या धाराऊच की!

आज घरी आजीला विचारा हं, ‘आपल्या घरात कुणी दूधभाऊ, दूधबहीण आहे का गं?’