रिकामा, पण निवांत नव्हे
मळवलीजवळच्या भाजे लेण्यांतले दगडी ओटे पाहताना मला भिक्षूंच्या वर्षावासाइतकीच मेनफ्रेम संगणकाचीही आठवण होते. आयबीएमची झेड/व्हीएम प्रणाली एकाच यंत्रात शेकडो आभासी लिनक्स सर्व्हर नांदवते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांतला रिकामा सर्व्हरही स्वस्थ नसे. त्याच्या प्रत्येक आभासी प्रोसेसरला घड्याळ सेकंदाला १०० वेळा हाक मारी. असे हजार प्रोसेसर म्हणजे सेकंदाला एक लाख हाका! त्यांना ओ देण्यातच खऱ्या प्रोसेसरची शक्ती खर्ची पडे. उपाय साधे होते: काम असेल तेव्हाच हाक मारायची आणि जास्तीचे आभासी प्रोसेसर काढून घ्यायचे. आम्हा प्राध्यापकांच्या सुट्टीतही अहवालांच्या हाका थांबत नाहीत. घटकेघटकेला हजेरी द्यावी लागली, तर चिंतन कधी व्हायचे?