सत्तर अक्षरांत फराळ

मुलुंड पूर्व, वसुबारस

ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमधून आज ‘फराळ तयार’चे मेसेज सुटले. मराठीतच हवेत, हा हट्ट माझा. रोमन लिपीत एसएमएस 160 अक्षरांचा, देवनागरी आली की 70. त्यात काना, वेलांटीही वेगळी मोजतात. ‘चिवडा’लाच पाच जागा! पुढे गेलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. म्हणून ‘सप्रेम नमस्कार’ गेला, ऑर्डर क्रमांक राहिला.

बरं, मनात येईल ते धाडताही येत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने मजकुराचा साचा आधी डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर मंजूर करून घ्यायचा. नाव, रक्कम तेवढी बदलायची. मार्च 2021 मध्ये साच्याबाहेरचे मेसेज अडवणारी गाळणी कडक लागली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि आठवडाभर ती थांबवावी लागली. तिथे आमच्या करंज्यांना कोण विचारतो!

या एसएमएसला गिऱ्हाईक उत्तर देऊ शकत नाही, ही खरी गोची. मग बोलणं व्हॉट्सॲपवर. पण तेही आता सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरच्या शेजारीच उघडतं. पूर्वी निरोप थोडे माझ्या फोनवर, थोडे सुनेच्या, उरलेले वहीच्या कडेला. आता डबे भरणारीला थेट दिसतं: ‘काकू, चकली नको, बाबांना दात नाहीत. बेसनलाडू वाढवा.’

बोरिवलीच्या एक ताई मात्र व्हॉइस नोटच धाडतात. सॉफ्टवेअर ती ऑर्डरला जोडून मोकळं होतं, ऐकायची मी. आजची निम्मी शेजारणीच्या कंदिलाबद्दल होती. शेवटी घाईघाईत: अनारसे अर्धा किलो जास्त.