रोलर मामूंचा, लॉगबुक दुसऱ्याचं

रस्त्याच्या डागडुजीला रोलर भाड्याने घ्यायचा तर खातं निविदा काढतं. दर तासाचा, डिझेल आणि ऑपरेटर कोणाचा, हे अटींतच असतं. यंत्र बिघडलं तर त्या तासांचे पैसे नाहीत, आणि ते रास्तच.

छोट्यांसाठी सोयीही आहेत. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत बयाणा २ ते ५ टक्के. सूक्ष्म-लघु उद्योगांना तो माफ. २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

माझ्या मामूंकडे रोलर एकच. केंद्राच्या एका खात्याच्या निविदेत मात्र उलाढाल, अनुभव, मालकीची अनेक यंत्रं, अशा अटी. काम मोठ्या कंत्राटदाराला गेलं. त्याने मामूंचा रोलर तोंडी बोलीवर लावला. रोज संध्याकाळी लॉगबुकवर सही होते, नाव कंत्राटदाराचं. त्याचं बिल निघालं की यांचे पैसे. बँकेचा हप्ता त्यासाठी थांबत नाही.

मी कायदा सांगितला. कंत्राटदारावरही दावा करता येतो, पण कागद कुठाय? आणि तक्रार केली की पुढच्या वर्षी रोलर दारातच उभा. व्याजाचं ऐकून मामू म्हणाले, "व्याज नको रे बाबा, मुद्दल कधी देणार ते विचार."