कॉर्निया कोण खातं?

उसाच्या पात्याने डोळ्याला ओरखडा येतो, त्यातून जंतू शिरतो, बुब्बुळावर पांढरा डाग पसरू लागतो आणि आपण म्हणतो, जंतूने कॉर्निया खाल्ला. हे अर्धंच खरं आहे. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यातला नऊ-दशांश भाग कोलॅजनच्या थरांचा. २५ ते ३० नॅनोमीटरचे तंतू सारख्या अंतराने लागलेले असतात, म्हणून तो पारदर्शक. थरांच्या फटींत चपट्या केराटोसाइट पेशी एरवी निवांत पडून असतात. पण वरच्या थरातल्या जखमी पेशींनी इंटरल्युकिन-१ हा संदेश सोडला, की कोलॅजन सांभाळणाऱ्या याच पेशी ते कापणारी एमएमपी एन्झाइम्स बाहेर टाकतात. ती निघतात तेव्हा निष्क्रिय असतात; त्यांना प्लास्मिन हे दुसरं एन्झाइम चालू करतं. रक्तातून धावून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी भर घालतात, आणि स्यूडोमोनाससारखा जंतू तर स्वतःही कापतो, वर आपल्या शरीराची एन्झाइम्सही चेतवतो. मग डोळे तपासायच्या स्लिटलॅम्पच्या उजेडाच्या चिरेत दिसतो तो खड्डा आणि त्याच्या तळाशी फुगलेला काळसर, काचेसारखा बुडबुडा. ते डेसमेटचं पटल. जाडी १० मायक्रॉनच्या आसपास, पण घडण वेगळ्या कोलॅजनची, म्हणून वरचं सगळं विरघळलं तरी ते टिकाव धरतं.

यातलं बरंचसं ज्ञान कोलॅजनच्या जेलमध्ये वाढवलेल्या पेशींवरून आलं, आणि जेल म्हणजे डोळा नव्हे, हा आक्षेप रास्तच. तिथे ना अश्रू, ना मज्जातंतू. पण संधिवाताच्या काही रुग्णांत एकही जंतू नसताना कॉर्नियाची कड वितळते. अल्कलीने भाजलेल्या डोळ्यातही तेच. त्यामुळे जंतू मेला म्हणजे उपचार संपला, असं मला वाटत नाही. मग शरीराचा हा दाहच दाबून टाका, स्टेरॉइड द्या? इतकं सोपं असतं तर! मुख्यतः तामिळनाडूतल्या अरविंद रुग्णालयांत ५०० रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिवाणूंच्या जखमांना अँटिबायोटिकनंतर स्टेरॉइड जोडूनही तीन महिन्यांनी सरासरी दृष्टीत फरक पडला नाही. शिवाय हीच एन्झाइम्स जखमेतलं मोडकं कोलॅजन उपसून भरून येण्याची वाटही करतात. सरसकट बंद करून चालत नाही. एमएमपीला लागणारं जस्त पकडून ठेवणारं डॉक्सिसायक्लिन मला म्हणूनच अधिक शहाणं वाटतं, अर्थात अँटिबायोटिकच्या जोडीला. आणि पाल्यापाचोळ्याच्या जखमेत बुरशी असेल, तर स्टेरॉइडने तिचंच फावतं. शेतात डोळ्याला लागलं, तर मेडिकलमधून लालीचे ड्रॉप्स आणून घालू नका. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, त्याच दिवशी.