चव्वेचाळीस बॉक्सचा फोन



दहावीच्या गणित भाग १ मधलं चौथं प्रकरण 'अर्थनियोजन' तुमच्यापैकी बरेच जण शिकवत असतील. जीएसटी, शेअर्स वगैरे. मुलांना ते कोरडं वाटतं, कारण कर भरायचा म्हणजे काय हे त्यांनी अजून अनुभवलेलं नसतं. २०२४ च्या पावसाळ्यात मी हे प्रकरण एका मोबाईलवरून शिकवलं. तास चांगला रंगला. पण त्या तासात माझ्या घरातली एक गोष्ट मी वर्गात नेली आणि ती परत माझ्याच घरी आली. ती कशी, ते सांगते. पाठाचं टाचण म्हणून वाचा किंवा एका आईची गोष्ट म्हणून वाचा.

आम्ही कवठे महांकाळचे. घरची दीड एकर द्राक्षबाग आहे आणि माझा पगार आहे. बागेचा माल आम्ही बेदाण्याला घालतो. आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे नागजच्या रस्त्याला तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर हिरव्या जाळीची बेदाणा शेड दोन्ही बाजूंना दिसतील. तयार माल कोल्ड स्टोरेजला ठेवायचा आणि तासगावच्या सौद्यात दर बरा निघाला की काढायचा, ही पद्धत.

मुलगा बारावीला असताना आमच्या ह्यांनी शेडमध्ये उभं राहून त्याला शब्द दिला. "पंच्याऐंशीच्या वर पाड, तुला पाहिजे तो फोन." पालकहो, असा शब्द देताना आपण टक्क्यांचा आकडा नीट सांगतो आणि फोनचा आकडा मोकळा सोडतो. २१ मे २०२४ ला निकाल लागला. पोरानं सत्त्याऐंशी पाडले. संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर त्यानं फोनचं नाव सांगितलं : सॅमसंग गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा. किंमत १,२९,९९९ रुपये.

हे काही बोलले नाहीत. "बघू" म्हणाले नाहीत हेही सांगते, कारण "बघू" म्हणजे नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "बरं."

मी मात्र त्या रात्री त्या फोनची माहिती वाचत बसले. माझा स्वतःचा फोन तेरा हजाराचा. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड तो उघडतो, शाळेची माहिती भरता येते, पालकांच्या ग्रुपवर गृहपाठ जातो. ते क्यूआर कोड ज्यांच्यामुळे राज्यभर पोचले ते रणजितसिंह डिसले गुरुजी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते, आणि कोड कितीही साध्या फोनवर उघडतो हेच तर त्याचं वैशिष्ट्य. मग सव्वा लाखाच्या वर जाणाऱ्या फोनमध्ये नेमकं काय मिळतं?

खरं सांगायचं तर बरंच काही मिळतं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. कडेला टायटॅनियम, आत एक लेखणी, लांबचं जवळ आणणारा कॅमेरा, दिवस काढणारी ५००० एमएएचची बॅटरी. आणि पोरानं मला जे सर्वात आधी ऐकवलं ते म्हणजे सात वर्षं अपडेट. "आई, सात वर्षं बघायला नको. दोन-दोन वर्षाला नवा घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतंय." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच मला कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली.

शाळा सुरू झाल्यावर हे प्रकरण आलं तेव्हा मी फळ्यावर १,२९,९९९ लिहिलं आणि विचारलं, यात सरकारचे किती? मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. १ एप्रिल २०२० च्या आधी तो १२ टक्के होता. मुलांनी भराभर वह्या काढल्या आणि निम्म्या वर्गानं उत्तर दिलं, २३,३९९ रुपये. शिक्षकांनो, हीच ती चूक, जिच्यासाठी हा पाठ मुद्दाम घ्यावा. मुलं लावलेल्या किमतीचे १८ टक्के काढतात. कर तर मूळ किमतीवर लागलेला असतो. १०० चा माल ११८ ला मिळतो, म्हणून ११८ मध्ये कर १८. तेव्हा १,२९,९९९ ला १८ ने गुणायचं आणि ११८ ने भागायचं. उत्तर १९,८३० रुपये ३६ पैसे. मूळ किंमत १,१०,१६८ रुपये ६४ पैसे. अर्धा कर केंद्राचा, अर्धा राज्याचा. साडेतीन हजाराचा फरक बघून मुलं जागी झाली.

मग हप्ते. चोवीस महिन्यांवर वाटले तर महिना ५,४१६ रुपये ६३ पैसे. 'बिनव्याजी' हप्ता म्हटलं की मुलांना वाटतं व्याज नाहीच. बँक व्याज लावते, तेवढी सूट किमतीत दिलेली असते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा घेणाऱ्याच्याच खिशातून जातं. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत कधी कधी हातची जाते. हे मी पालकसभेतही सांगते.

नंतर वर्षाचा हिशोब मांडला. त्याच कंपनीचे त्याच वर्षीचे तीन फोन घेतले. अल्ट्रा १,२९,९९९ ला, अपडेट सात वर्षं. साधा एस२४ ७९,९९९ ला, अपडेट तितकीच सात वर्षं. आणि ए५५ ३९,९९९ ला, सुरक्षेची अपडेट पाच वर्षं. पूर्ण मुदत वापरला तर अल्ट्रा वर्षाला १८,५७१ रुपये पडतो, साधा एस२४ ११,४२८ आणि ए५५ ८,०००. म्हणजे 'सात वर्षं' हा मुद्दा अल्ट्राच्या बाजूनं जेवढा जातो तेवढाच त्याच्या धाकट्या भावाच्या बाजूनं जातो. आणि तीनच वर्षांत फोन पडला, हरवला किंवा पोराचं मन उडालं, तर अल्ट्रा वर्षाला ४३,३३३ ला पडतो. अपडेट सात वर्षं येईल, पण बॅटरी तोपर्यंत थकणार, ती बदलावी लागणार. काच फुटली तर तिचा खर्चही फोनच्या किमतीबरोबर चढतो, आणि दुरुस्तीला सांगली गाठावी लागते ते वेगळंच.

कॅमेऱ्याचं गणितही मुलांना आवडलं. २०० मेगापिक्सेल म्हणतात, पण नेहमीचा फोटो काढताना सोळा पिक्सेलचा एक करतात, म्हणजे २०० भागिले १६, साधारण १२ मेगापिक्सेल. त्यानं अंधारातला फोटो चांगला येतो हे खरं. पण तोच फोटो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की तो आणखी दाबून लहान होतो. मावशीला गेलेला फोटो कुठल्या फोनचा, हे मावशीला कळत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी म्हणाले, ही किंमत बेदाण्यात सांगा. माझ्या वर्गात निम्मी पोरं बागायतदारांची. दर किलोला २०० रुपये धरा म्हटलं. सोपं होतं, ६५० किलो. पंधरा किलोचा बॉक्स, म्हणजे त्रेचाळीस भरून पाच किलो उरतात, एकूण चव्वेचाळीस बॉक्स लागतील. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे २,६०० किलो द्राक्षं. वर्ग एकदम शांत झाला. एका फोनला सव्वीस क्विंटल द्राक्षं, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. क्रेट, ट्रॅक्टर, रॅक, सगळं दिसलं.

आणि मागच्या बाकावरून एकजण उठला. अभ्यासात बेताचाच मुलगा. म्हणाला, "मॅडम, चुकतंय. औषधं कुठं धरली? छाटणीची मजुरी? डिपिंग ऑईल? शेडचं भाडं? ही विक्री झाली, नफा न्हाई."

मी त्याला विचारलं, मग किती धरायचं? तो म्हणाला, "रुपयाला चार आणे राहिले तरी लई झालं." मग आम्ही चार आणे धरून पुन्हा मांडलं. चौपट. २,६०० किलो बेदाणा, १७४ बॉक्स. मूळ किंमत, कर, विक्री आणि नफा यांतला फरक मला जो तासभर समजावता आला नव्हता तो त्या पोरानं एका वाक्यात समजावला. त्या दिवशी त्याची वही मी पहिल्यांदा कौतुकानं तपासली. हे आधी का झालं नव्हतं, याचं उत्तर मला द्यायला लागेल.

तासाच्या शेवटी मी विचारलं, एका वडिलांनी मुलाला शब्द दिला असेल तर त्यांनी काय करावं? नाव सांगितलं नाही. बरेच हात 'घेऊ नये' म्हणून वर झाले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शब्द दिलाय तर पाळायचा. न्हाईतर पुढच्या वेळी पोरगा कशाला अभ्यास करील?" माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. घंटा झाली.

आता वर्गात एक गोष्ट मी विसरले होते. माझा पुतण्या त्याच वर्गात बसतो. शाळेत मॅडम म्हणतो, घरी काकू. घरं शेजारी शेजारी. संध्याकाळी त्यानं अंगणातूनच हाक मारली, "दादा, तुझा फोन चव्वेचाळीस बॉक्सचा हाय बघ! खर्च धरला तर एकशे चौऱ्याहत्तर!"

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला. जेवायला आला, पण बोलला नाही.

मला तेव्हा जे वाटलं ते लिहिते, कारण इथं वाचणारे बरेचजण आई-वडीलही आहेत आणि शिक्षकही. जी गोष्ट मी पोराशी समोरासमोर बसून बोलायला हवी होती, ती मी चाळीस पोरांसमोर फळ्यावर मांडली, आणि नाव घेतलं नाही म्हणून स्वतःला सोडून दिलं. गणित बरोबर होतं. वागणं बरोबर नव्हतं. आपल्या जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला आठवत असेल, २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मी पालकसभेत त्या गावाचं उदाहरण नेहमी देते. त्या दीड तासात घरातली माणसं एकमेकांशी बोलतात, असंही सांगते. माझ्या घरी मात्र पोराला त्याच्या फोनची किंमत पुतण्याकडून कळली.

दुसरं असं की ह्यांनी कोल्ड स्टोरेजमधला काही माल काढायचं अडत्याशी बोलून ठेवलं होतं. दर तेव्हा त्यांच्या मनासारखा नव्हता. एप्रिलच्या खरड छाटणीचे पैसे अजून द्यायचे होते. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पोराला तर नाहीच. मला अडत्याचा फोन आला तेव्हा कळलं.

मी ते पोराला सांगितलं. रागानं नाही, नुसतं सांगितलं. आणि वर्गातल्या प्रकाराबद्दल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आई, माफी काय मागतीस. पण मला आधी सांगायचं होतंस की."

दोन दिवसांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं आपला हिशोब आणून ठेवला. इंजिनिअरिंगला लॅपटॉप लागणारच होता, तो आम्ही दोघांनीही धरलाच नव्हता. ४०,००० चा फोन, साठ-पासष्ट हजारांचा लॅपटॉप, आणि तरी अल्ट्राच्या किमतीतून पंचवीस हजारांच्या आसपास शिल्लक. खाली त्यानं लिहिलं होतं, 'बॉक्स आत्ता काढू नका.'

हे मात्र चिडले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "मी शब्द दिलाय. तू कोण मला सोडवणारा?" त्या मुलीचंच म्हणणं, दुसऱ्या तोंडातून. बापलेकांचं दोन दिवस तसंच चाललं. शेवटी तिघं सांगलीला गेलो. दुकानात पोरानं अल्ट्रा हातात घेतला, रस्त्यापलीकडच्या पाटीवर कॅमेरा रोखून तिच्यावरचा फोन नंबर वाचून दाखवला, शर्टाच्या खिशात घालून बघितला. खिसा खाली ओढला गेला. सव्वादोनशे ग्रॅमच्या वर वजन आहे त्याचं. चार्जर डब्यात नाही, वेगळा घ्यावा लागेल, असं दुकानदारानं सांगितलं. पोरगा हसला आणि त्यानं ए५५ मागितला. त्याला अल्ट्रा नको होता असं मी म्हणणार नाही. परत देताना त्यानं काच शर्टाला पुसून दिली, ते मी बघितलं.

पंधरवड्यानं लॅपटॉप आला. बॉक्स कोल्ड स्टोरेजमध्येच राहिले. ह्यांच्या लेखी मात्र तो व्यवहार अजून उघडाच आहे. २०२५ च्या जानेवारीत एस२५ अल्ट्रा आला, किंमत तीच १,२९,९९९, तेव्हा त्यांनी बातमीचा फोटो काढून पोराला पाठवला. खाली एवढंच, 'घ्यायचा का?' त्यानं उत्तरात विचारलं, 'ऑक्टोबरच्या छाटणीचा माल कसा आहे?'

त्याच महिन्यात दहावीची पूर्वपरीक्षा होती. मी तोच प्रश्न घातला, किंमत १,२९,९९९, जीएसटी १८ टक्के धरून, कर किती? अकरा जणांनी २३,३९९ लिहिलं. त्यात माझा पुतण्या होता. मागच्या बाकावरच्या पोराचं उत्तर बरोबर होतं. खाली त्यानं पेन्सिलीनं 'खर्च सोडून' असंही लिहिलं होतं. त्याची तिथं काही गरज नव्हती, पण मी ते खोडलं नाही.